तुम्ही विचारलंत म्हणून: दादाकडे का जात नाही

तुमच्यापैकी निदान दहाबारा जणांनी मला हा प्रश्न विचारला आहे. कोणी बायबलचा वर्ग सुटल्यावर खुर्च्या रचताना, कोणी फोनवर. एका मावशींनी तर माझ्या शेजारी बसून, डोळे मिटून, थेट प्रार्थनेतच विचारला; म्हणजे सांगत होत्या देवाला, ऐकायचं मी. शब्द वेगवेगळे, प्रश्न एकच. "सर, योसेफ तुम्ही एवढा रंगवून शिकवता, उत्पत्तीचे शेवटचे चौदा अध्याय तुम्हाला तोंडपाठ, मग स्वतःच्या दादाकडे का जात नाही?" (योसेफ म्हणजे उत्पत्ति या बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, भावांनी विकलेला आणि शेवटी त्यांना क्षमा करणारा भाऊ.)

आजवर मी तीन उत्तरं दिली. 'प्रार्थना करा.' 'वेळ आली की होईल.' आणि एकदा, फार थकलो होतो तेव्हा, 'तुमचं काय जातंय?' तिसरं उत्तर ज्यांना दिलं त्या ताईंची मी माफी मागितली आहे. खरं तर पहिली दोन उत्तरं जास्त वाईट होती. पण त्यांबद्दल माफी मागायला कोणी लावत नाही.

घराच्या कागदांचं काय झालं ते आपल्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. नवीन आलेल्यांसाठी एवढंच: पप्पांनी घर दादाच्या एकट्याच्या नावावर केलं, ते मला त्यांच्या दफनविधीनंतर तिसऱ्या आठवड्यात कळलं, आणि दादाला दीड वर्ष आधीपासून माहीत होतं. पप्पांचं शेवटचं सहा वर्षांचं आजारपण मात्र दादा-वहिनींनी काढलं. मी नोकरीच्या गावी होतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. तुमच्यातले काही पहिलं तेवढं सांगतात, काही दुसरं तेवढं.

ज्या माणसाने योसेफावरचा वर्ग पहिल्यांदा घेतला त्याच्याशी माझं हल्ली पटत नाही. त्याच्याकडे फळा होता, तीन रंगांचे खडू होते आणि प्रत्येक घराण्यासाठी एक बोध तयार होता. इसहाकाला जुळ्या मुलांतला एसाव आवडायचा, कारण तो शिकार आणून खाऊ घालायचा, रिबकेला याकोब. पुढे याच याकोबाने बापाचा कित्ता गिरवला, आपल्या लाडक्या बायकोच्या, राहेलीच्या पोराला, योसेफाला डोक्यावर घेतलं. बोध: आईवडिलांनी मुलांत डावं-उजवं करू नये. याजक एलीने हफनी आणि फिनहास या आपल्या मुलांना नुसतं बोलून सोडून दिलं. बोध: मुलांना वेळीच आवरा. दावीद राज्य सांभाळत बसला, घर हातचं गेलं. बोध: आधी घर. लोक वह्यांत उतरवून घ्यायचे, आणि मी खडूचे हात झटकत म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात मोशे, अहरोन, मिर्याम."

यातला एकही बोध खोटा नव्हता. कोण म्हणेल डावं-उजवं करा म्हणून? पण 'हो, मी करतो' असं म्हणणारा एकही बाप मला आजपर्यंत भेटलेला नाही. एक म्हणतो, त्याला गरज जास्त होती. दुसरा म्हणतो, ती हुशार होती. तिसरा म्हणतो, धाकटा आहे हो. याकोबाला विचारलं असतं तर त्याने राहेलीची आठवण काढून डोळे पुसले असते, आणि आपण गप्प झालो असतो.

शमुवेल संदेष्टा तर मी फळ्यावर घेतलाच नव्हता. बसत नव्हता. हे पोर एलीच्या हाताखाली वाढलं. देवाने त्याच्याशी पहिल्यांदा बोलून जे सांगितलं ते एलीच्या घराण्याचं काय होणार, हेच. म्हणजे मुलं वाया गेली की काय होतं याचा धडा त्याला लहानपणीच आणि थेट वरून मिळाला होता. तरी त्याचे मुलगे योएल आणि अबीया बैर-शेब्यात न्यायाधीश होऊन लाच खात होते. एलीला मुलांवरून जसं सुनावलं गेलं तसं शमुवेलाला सुनावल्याचं मला कुठे सापडत नाही. माझ्या तीन खडूंत याचा रंग नव्हता.

आता तो दिवस.

मम्मीला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आठवणीसाठी घरी प्रार्थना ठेवली होती. घरी म्हणजे दादाच्या घरी, म्हणजे आमच्याच. पाळकसाहेब, नातेवाईक, मंडळीतले जुने लोक, मिळून तीसेक माणसं. संदेश मी द्यावा असं वहिनींनीच कळवलं होतं. मी महिनाभर तयारी केली. शास्त्रभाग ठरवला: उत्पत्ति, 50 वा अध्याय, 15 ते 21 ओव्या. बाप मेल्यावर भाऊ घाबरतात, योसेफ रडतो, म्हणतो भिऊ नका. संदेशाच्या शेवटी मी खाली उतरून दादाला मिठी मारणार होतो. त्या दिवशी मी त्याला क्षमा करणार होतो. तारीख, वेळ, ओव्या सगळं ठरलेलं होतं. एकाच माणसाला काही कल्पना नव्हती, त्याचं नाव दादा.

आणि त्यावर मला एक फार सुंदर कल्पना सुचली. वाचन दादाने करावं.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या घरी रात्री कौटुंबिक प्रार्थना असायची. पप्पा खुर्चीत, आम्ही सतरंजीवर. दादा अकरा वर्षांचा, मी आठ. वाचायची पाळी थोरला म्हणून दादाची. तो ओळीखाली बोट ठेवून वाचायचा, आणि जोडाक्षर आलं की थांबायचा. आतल्या आत ते अक्षर फोडायचा, मग बाहेर काढायचा. एका रात्री ओवी अर्धी झालेली असताना पप्पांनी त्याच्या हातातून बायबल घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तू वाच." मी वाचलं. खणखणीत, न अडखळता, आवाज चढवत-उतरवत. पानाचा कोपरा दादाच्या अंगठ्याच्या घामाने ओला झालेला होता, तो माझ्या बोटाला लागला, हे मला आजही आठवतं. त्या रात्रीपासून घरात वाचायचं काम माझं झालं. पाहुणे आले तरी पप्पा म्हणायचे, "धाकटा वाचेल."

ही आठवण मी कधी विसरलो नव्हतो. उलट ती मी साक्ष म्हणून सांगायचो. व्यासपीठावरून दोनदा सांगितली आहे, तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल: देवाने माझ्या दानाची ओळख मला आठव्या वर्षीच कशी करून दिली.

तर, दादा उभा राहिला. नाही म्हणाला नाही. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बायबल पप्पांचंच होतं, बारीक अक्षरांचं. तेव्हा त्याने छप्पन्न पूर्ण केली होती. आणि त्याने ओळीखाली बोट ठेवलं. पंधरावी ओवी, सोळावी. सतरावीत आवाज बसला, घसा खाकरून पुन्हा धरला. एकोणिसावी झाली. विसाव्या ओवीत, म्हणजे नेमकी ज्या ओवीसाठी हा सगळा घाट घातला होता तीत, तो एका जोडाक्षरावर अडला. एक क्षण गेला असेल, फार तर दोन. कोणीतरी खुर्चीत हललं.

आणि मी तो शब्द बोललो.

नुसता शब्द सांगून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी उरलेली ओवी म्हणून टाकली. डोळे मिटून, तोंडपाठ, संदेशाच्या आवाजात. तुम्ही माझं वाईट योजलंत, देवाने त्यातून चांगलं योजलं. डोळे उघडले तेव्हा दादा बायबल माझ्यापुढे धरून उभा होता, बोट अजून पानात. म्हणाला, "घे, तूच वाच. पप्पांनी तुलाच दिलं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. एखाद्याची वस्तू आपल्याकडे राहिलेली असते आणि आपण ती परत देतो, तसा आवाज होता. मग तो खाली बसला.

पुढचं आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटेल मी तिथे थांबलो, गप्प झालो, गुडघे टेकले. नाही. मी संदेश दिला. सगळा, चाळीस मिनिटं. हातात टिपणं होती, समोर माणसं होती, तोंड आपोआप चालतं. शेवटी खाली उतरून मिठीही मारली. दादा हात खाली सोडून उभा राहिला. बायका रडल्या, पाळकसाहेब मोठ्याने आमेन म्हणाले. कोणीतरी फोटो काढला. त्यात माझा चेहरा दिसतो आणि दादाची पाठ. निघताना वहिनी दारात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही फार छान बोलता." ते कौतुक नव्हतं, हे मला पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्यावर कळलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एक ओवी पुरी केली, त्यात एवढं काय? मीही तीन-चार वर्षं हेच म्हणत होतो. माणूस अडखळला, मदत केली, त्याला उगाच लागलं. शिवाय कागद त्याने लपवले होते, मी नव्हे. आजही हे सांगताना माझा हात त्या कागदांकडेच जातो, तुमच्या लक्षात आलं असेल.

नंतर मी 37 वा अध्याय पुन्हा काढला. वर्गासाठी नाही, झोप येत नव्हती म्हणून. दुसऱ्याच ओवीत योसेफ भावांच्या चहाड्या बापाला सांगतो. बापाने त्याला करून दिलेला झगा त्यानंतर येतो, तिसऱ्या ओवीत. भाऊ आपल्यापुढे वाकताहेत ही स्वप्नं त्याच्याही नंतर, आणि ती तो त्याच भावांना, न विचारता, दोन-दोनदा ऐकवतो. सतरा वर्षांचा, हुशार, बोलका, बापाचा लाडका. मला वाटत होतं की आमच्या गोष्टीत योसेफ मी. तर होतोच की. दादाने ते कधी नाकारलंच नव्हतं. फक्त मी स्वतःला 50 व्या अध्यायात उभं केलं होतं आणि त्याच्यासाठी मी अजून 37 व्यातच होतो, झगा घालून.

चित्रांतून तो झगा रंगीबेरंगी असतो. आपल्या मराठी बायबलात तो पायघोळ आहे. मुळातला हिब्रू शब्द नेमक्या कोणत्या कपड्याचा यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण अख्ख्या जुन्या करारात तो शब्द दोनच गोष्टींत येतो: इथे, आणि 2 शमुवेलाच्या 13 व्या अध्यायात, दावीदाच्या मुलीच्या, तामारेच्या अंगावर. एक झगा भाऊ रक्तात बुडवतात. दुसरा तामार स्वतःच फाडते, सावत्र भावानेच, अम्नोनाने अत्याचार करून हाकलून दिल्यावर.

तामारेवरून आठवलं, म्हणजे विसरलो कधीच नव्हतो. वर्गात एक ताई यायच्या. घरातल्याच कोणाबद्दल काहीतरी सांगायला त्या दोनदा माझ्याकडे आल्या, आणि दोन्ही वेळा मी त्यांना योसेफ वाचायला दिला. क्षमा करा, देव चांगल्यासाठी योजतो. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत, वर्गालाही येईनाशा झाल्या. तामारेला तिचा सख्खा भाऊ अबशालोम काय सांगतो? आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बाप दावीद संतापतो आणि करत काहीच नाही. मग दोन वर्षं त्या घरात कोणी काही बोलत नाही, आणि तिसऱ्या वर्षी मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत त्या अम्नोनाचा खून पडतो. मी त्या ताईंना नेमकं अबशालोमाचं वाक्य सांगितलं होतं, योसेफाच्या तोंडी घालून. तुम्ही मला विचारता ना, हल्ली शेवटी 'म्हणून आपण काय करावं' ते तुम्ही सांगत का नाही? हे त्याचं अर्धं उत्तर.

योसेफानेही कुठे एका दिवसात केलं होतं? सतराव्या वर्षी विकला गेला, वीस रुप्याच्या नाण्यांना. तिसाव्या वर्षी मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला. सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन गेल्यावर भावांना ओळख दिली, म्हणजे तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा. बावीस वर्षं. त्यातली शेवटची नऊ तो मिसराचा कारभारी होता. पाहिजे तर बापाकडे एक माणूस पाठवता आला असता. पाठवला नाही. थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, का, तर देवाने मला माझ्या बापाच्या घराचा विसर पाडला म्हणून. भाऊ धान्य न्यायला समोर आले तेव्हा अनोळखी असल्यासारखा वागला, हेर म्हणाला, तीन दिवस कोंडलं, शिमोनाला अडकवून ठेवलं, चोरीचा आळ यावा म्हणून धाकट्या सख्ख्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवला. आणि मधून मधून आत जाऊन रडला. हे सगळं मी 'योसेफाने भावांची परीक्षा घेतली' अशा एका ओळीत उरकायचो. मला घाई मिठीची असायची. मिठी झाल्यावरही तो भावांना निरोप देताना काय म्हणतो? वाटेत भांडू नका. या एका वाक्यावरून वाटतं, हा आपलाच माणूस.

आणि 50 वा अध्याय. याकोब मिसरात सतरा वर्षं जगला. तो गेला तेव्हा विक्रीला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि मिठीला सतरा. सतरा वर्षं योसेफाने दिलेल्या प्रदेशात राहून, त्याचंच अन्न खाऊन, भावांना वाटतं की आता हा सूड घेणार. मग ते निरोप पाठवतात की बाप मरताना सांगून गेला, भावांना क्षमा कर. बापाने असं सांगितल्याचं आधी कुठेही आलेलं नाही. आपण 'क्षमा कर' म्हणायची पाळी आली तेव्हाही त्यांनी मेलेल्या बापाला मध्ये घातलं, आणि ते ऐकून योसेफ रडला. मी तो भाग क्षमेचा कळस म्हणून निवडला होता. आता वाचतो तेव्हा दिसतं ते असं, की सतरा वर्षांपूर्वीची मिठी भावांपर्यंत पोचलीच नव्हती.

एक गोष्ट मला दादाच्या संदर्भात फार उशिरा दिसली, ती यहूदाची. योसेफाला विकू या ही कल्पना त्याची. तोच यहूदा 44 व्या अध्यायात बन्यामिनाच्या जागी गुलाम राहायला पुढे होतो. ते भाषण करताना तो बापाचे शब्द सांगतो: माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बायकोला! याकोबाला चार बायांपासून बारा मुलगे होते आणि हे वाक्य सांगणारा यहूदा लेआचा मुलगा. म्हणजे बापाच्या हिशेबात ह्याची आई बायकोच नव्हती. ते तो परक्या माणसासमोर जसंच्या तसं सांगतो, कुरकुर न करता, आणि म्हणतो, या लाडक्या पोराशिवाय म्हातारा जगायचा नाही, त्याच्याऐवजी मला ठेवा.

ज्या बापाने हातातलं बायबल काढून घेतलं, त्या बापाला सहा वर्षं रात्री-अपरात्री उठून कुशीवर वळवणारा माणूस माझ्या घरात होता. मी कागद मोजत होतो.

तरी कागद लपवले ते लपवलेच. यहूदाची गोष्ट सांगितली म्हणून मी ते मागे घेत नाही. पप्पांनी घर दादाला दिलं याबद्दल माझी आता तक्रार नाही, खरंच नाही. पण दीड वर्ष मी सुट्टीला येत होतो, त्याच घरात झोपत होतो, तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. दादा म्हणेल, तू विचारलंस कधी? नाही विचारलं. पप्पांच्या औषधांचंही नव्हतं विचारलं. बघा, मी पुन्हा त्याच्याच बाजूने बोलायला लागलो, आणि मग मला माझाच राग येतो. हे असं चालतं. तुम्हाला वाटतं मी अहंकाराने अडलोय. असेलही.

तुम्ही मला मत्तयाचा 5 वा अध्याय दाखवता. अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. तीन जणांनी दाखवला, एकाने तर ओवीखाली रेघ मारून. मी तो भाग कितीदा शिकवला असेन! पण त्यात लिहिलंय काय? आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असं तुला आठवलं तर. त्याच्या मनात, माझ्याविरुद्ध. मी जन्मभर उलटं वाचलं: माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते देवापुढे ठेवायचं आणि क्षमा करून मोकळं व्हायचं. क्षमा करायला जाणं सोपं असतं, आपण उंचावरून उतरतो. इथे सांगितलंय ते आरोपी म्हणून जायला.

गेलो होतो. दोनदा. तुम्हाला माहीत नव्हतं, कारण सांगितलं नाही. एकदा समेट तीस माणसांसमोर करून बघितला होता. पहिल्यांदा दादा घरी नव्हता आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. दुसऱ्यांदा होता. आम्ही छताच्या गळतीवर बोललो, त्याच्या गुडघ्यांवर बोललो. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी वाचताना मी मध्येच..." तो म्हणाला, "सोड रे." ते 'सोड' म्हणजे सोडून दिलं, की विषय सोड, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. वहिनी आतून बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर मी एसाव आणि याकोबाच्या मागे लपायला लागलो. 33 वा अध्याय. एसावाला फसवून पळालेल्या याकोबाची वीस वर्षांनी त्याच्याशी भेट होते, एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात, आणि नंतर वेगळे राहतात. एक सेईरात, एक कनानात. बापाला मूठमाती द्यायला दोघं एकत्र येतात. शास्त्रात याला कोणी अपुरा समेट म्हटलेलं नाही. मग रोज येणं-जाणं असलं तरच क्षमा खरी, हे तुम्ही कुठून काढलंत? काही भाऊ लांबूनच चांगले असतात. हे उत्तर मी गेली दोन वर्षं देतोय आणि ते बऱ्यापैकी चालतं. लोक वहीतसुद्धा लिहून घेतात. जुन्या सवयी.

पण मघाच्या त्या खडूवाल्या माणसाशी भांडता भांडता मला त्याचा एक गुण मान्य करावा लागतो: तो ओव्या गाळत नव्हता. मी गाळतोय. त्या मिठीआधी याकोब आपलं कुटुंब ओळीत लावतो: पुढे दासी आणि त्यांची पोरं, मग लेआ आणि तिची, सगळ्यात मागे, सुरक्षित, राहेल आणि योसेफ. एसावाची चारशे माणसं समोरून येताहेत आणि आपला बाप आपल्याला कितव्या रांगेत उभं करतो हे दहाबारा पोरं बघताहेत. भावाशी समेट करायला निघालेला माणूस त्याच रस्त्यावर पुढच्या भांडणाची पेरणी करत होता. आणि मिठीनंतर एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो, पोरं लहान आहेत, जनावरं दुभती आहेत, मी सावकाश मागून येतो, सेईरास येऊन मिळतो. एसाव निघून जातो. लगेच पुढच्या ओवीत याकोब सुक्कोथला जाऊन घर बांधतो.

यात मला स्वतःला कुठे उभं करायचं ते सांगायला नको. दर नाताळला फोन होतो. तेवढा एक नेम राहिला आहे, आणि फोन दरवेळी दादाच करतो. आधी गुडघे, मग मुलांची चौकशी, मग विचारतो, "कधी येतोस?" मी म्हणतो, "येतो रे, सवड काढून, सावकाश."

या रविवारपासून वर्गात पुन्हा उत्पत्ति सुरू होतंय. नव्याने यायला लागलेला एक मुलगा आहे, दहावीतला, फार हळू वाचतो. 50 वा अध्याय मीच वाचू का, असं त्याने आत्तापासून विचारून ठेवलंय. मी हो म्हटलंय. दादाला येशील का म्हणून विचारायला परवा फोन हातात घेतला होता, मग खाली ठेवला. त्याला ऐकायला बोलावतोय की बघायला, हे मलाच नक्की सांगता येईना.